वर्गातलं पहिलं इंटरॅक्टिव्ह वेब पेज: करायचं कसं आणि दुसऱ्याच्या पेजवर बोलायचं काय

सेमिस्टर अर्धं सरलं की मॅडम सांगतात, चार आठवड्यांत एक इंटरॅक्टिव्ह वेब पेज करा आणि शेवटच्या आठवड्यात एकमेकांच्या पेजवर फीडबॅक द्या, त्यालाही मार्क आहेत. मग वर्गातले निम्मे लोक कॅल्क्युलेटर करतात, उरलेले टू-डू लिस्ट, आणि फीडबॅकच्या कॉलममध्ये सगळे मिळून "नाइस वर्क, कलर छान" लिहून मोकळे होतात. मीही त्याच रस्त्याने चालले होते. आता ज्युनिअर्सना मदत करते तेव्हा तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. कोड इथे देत नाही, तो कुठेही मिळतो, बाकीचं कुणी सांगत नाही.

पहिली पायरी, विषय

फोटो सरकतायत, हेडिंग उडत उडत येतंय, त्याला ॲनिमेशन म्हणतात, बघणारा हाताची घडी घालून बसला तरी ते चालूच राहतं. इंटरॅक्टिव्ह पेजमध्ये समोरच्याने काहीतरी केल्याशिवाय पुढचं कळतच नाही. त्यामुळे विषय शोधताना क्रियापद शोधा: ओढायचं, भरायचं, जुळवायचं, ओळखायचं. "गडकिल्ले" हा नुसता विषय झाला, "आकार बघून नकाशावर किल्ला ओळखा" हे प्रोजेक्ट झालं.

मी धरणं घेतली. पुण्यात जुलै लागला की घरोघरी "आज किती टीएमसी झालं" हीच चर्चा (टीएमसी हे धरणातलं पाणी मोजायचं माप), भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही हा त्यातला दुसरा अंक. शहराला पाणी देणारी चार धरणांची साखळी आहे: खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५. माझी आयडिया अशी की चार टाक्या काढायच्या, प्रत्येकीला एक स्लायडर, म्हणजे सरकवायची गोळी असलेली पट्टी, तो सरकवला की पाणी चढणार आणि वर एकूण साठा आणि टक्केवारी दिसणार. मैत्रीण म्हणाली, अगं एवढंच? एवढंच करायला मला तीन आठवडे लागले, तेव्हा विषय छोटाच घ्या.

दुसरी पायरी, कागद

लॅपटॉप बंद ठेवा. बहुतेक जण एकच चित्र काढतात, सगळं छान भरलेलं, आणि मग पेज पहिल्यांदा उघडतं तेव्हा ते तसं नसतंच. निदान पाच चित्रं काढा: पेज नुकतं उघडलंय, बोट लावलंय, सगळं भरलंय, सगळं शून्यावर आहे, आणि फोन उभा धरलाय. माझी शून्यावरची टाकी म्हणजे पांढऱ्यावर पांढरा चौकोन होता, म्हणजे पेज उघडणाऱ्याला टाकी दिसतच नव्हती आणि खाली चार स्लायडर उगाच लोंबत होते. हे कागदावर कळलं असतं तर पाच मिनिटांचं काम, मला पंधरा दिवसांनी कळलं. मग सुरुवातीलाच सगळ्या टाक्या अर्ध्या भरलेल्या ठेवल्या.

तिसरी पायरी, बांधणी

आधी फक्त एचटीएमएल लिहा, रंगबिंग काही नको, आणि तेवढ्यावर पेज वाचून समजतंय का बघा. क्लिक करायची वस्तू असेल तर बटन टॅगच वापरा. डिव्हला रंग देऊन बटनासारखं नटवायचा मोह होतो, पण कीबोर्डवर टॅब दाबत गेलं की खरं बटन सापडतं आणि नटवलेला डिव्ह सापडत नाही. स्लायडरलाही तयार इनपुट आहे, टाइप रेंज, तो आधी वापरून बघा, स्वतःचा बनवायची हौस दुसऱ्या प्रोजेक्टला.

जावास्क्रिप्टमध्ये मला रडवलेल्या दोन गोष्टी सांगते. एक, इनपुटमधून येणारी किंमत आकड्यासारखी दिसते पण ती स्ट्रिंग असते, म्हणजे नुसता मजकूर. मी शून्यापासून सुरू करून चार धरणांची बेरीज केली आणि वर एकूण साठा आला ०१.९७१०.६५१२.८२३.७१, म्हणजे बेरीज झालीच नाही, सगळे आकडे एकमेकांच्या शेपटाला चिकटले. आधी नंबरमध्ये बदला, मग बेरीज. दोन, स्लायडरवर चेंज इव्हेंट लावला तर बोट उचलल्यावर पाणी चढतं, इनपुट इव्हेंट लावला तर बोटाबरोबर चढतं. तुम्हाला हा इनपुटवालाच हवा असतो. आणि काही चालेना तर एफ बारा दाबून कन्सोल उघडा, तिथे लाल अक्षरात ओळ नंबरासकट लिहिलेलं असतं, लोक ते न बघता अख्खी फाइल मित्राला पाठवतात.

आता मराठीतलं पेज करणाऱ्यांसाठी थोडं जास्त, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये यातलं काहीच नसतं.

हेडिंगला ऐसपैस दिसावं म्हणून लेटर स्पेसिंग देऊ नका. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि "वरसगाव" चे पाच तुकडे लटकलेले दिसतात. लाइन हाइटही इंग्रजीपेक्षा मोकळी ठेवा, नाहीतर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवायचं ॲनिमेशन सगळ्यांना आवडतं, मलाही, पण जावास्क्रिप्टच्या हिशेबात "स्त्री" हे एक अक्षर नसून सहा तुकडे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईची मात्रा. एकेक तुकडा वेगळ्या स्पॅनमध्ये टाकला की मात्रा ठिपक्यांच्या गोलाला लटकून येते. एकतर अख्खा शब्द एकदम आणा, नाहीतर जावास्क्रिप्टमधलं इंटल सेगमेंटर वापरून तोडा, निदान मात्रा तरी सुटणार नाहीत.

आकडे देवनागरीत हवे असतील तर हाताने बदलत बसू नका, जावास्क्रिप्टच्या टू लोकेल स्ट्रिंगला एमआर हायफन आयएन दिलं की २९.१५ आपोआप देवनागरीत येतं. पण उलटं होत नाही बरं का, कुणी इनपुटमध्ये "१०" असं देवनागरीत टाइप केलं तर जावास्क्रिप्ट म्हणतं हा नंबरच नाही. आणि एचटीएमएल टॅगमध्ये भाषा एमआर लिहा, ट्युटोरियलमधून चिकटवलेलं ईएन तसंच राहतं, मग स्क्रीन रीडर आपलं मराठी कुठल्या उच्चारांनी वाचेल याचा भरवसा नाही, आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात तेही या एका शब्दावरच अवलंबून असतं. फॉन्ट शोधत असाल तर मुक्त हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट फुकट आहे, सुरुवातीला तोच टाका आणि पुढच्या कामाला लागा, फॉन्ट निवडण्यात दोन दिवस घालवलेले लोक मी पाहिलेत.

चौथी पायरी, लिंक

वर्गात लॅपटॉप फिरवू नका, लिंक द्या. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पब्लिक रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं फोल्डर) करायची, सेटिंग्जमध्ये पेजेस उघडायचं, मेन ब्रँच निवडून सेव्ह करायचं, काही मिनिटांत लिंक चालू होते, पैसे लागत नाहीत. मुख्य फाइलचं नाव इंडेक्सच ठेवा. तुमच्या मशीनवर दिसणारा फोटो लिंकवर दिसत नसेल तर नव्वद टक्के वेळा कारण दोनातलं एक असतं, एकतर फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होतोय, नाहीतर फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर आहे आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला त्याने फरक पडत नाही, गिटहबवर पडतो.

मग ती लिंक स्वतःच्या फोनवर उघडा. सगळं मुंगीएवढं दिसलं तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरलात, तो नसला की फोन पेजला साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून बसतो. माऊस नेल्यावर उघडणाऱ्या मेनूत काही महत्त्वाचं लपवलं असेल तर तेही बाहेर काढा, फोनवर माऊस नसतो.

पाचवी पायरी, दाखवणं (इथे तोंड बंद ठेवायचं)

हे लिहायला सोपं आहे, करायला महाकठीण. लिंक दिल्यावर आपण लगेच सांगायला लागतो, हे ना असं ओढायचं, हे अजून पूर्ण नाहीये, हे सोड, इकडे बघ. तुम्ही सांगितलंत की टेस्ट संपली. फोन समोरच्याच्या हातात द्या, "याच्यावर जे वाटेल ते कर आणि मनात येईल ते मोठ्याने बोल" एवढं म्हणा आणि त्याच्या तोंडाकडे न बघता अंगठ्याकडे बघा. तो कुठे थांबला, कुठे दोनदा दाबलं, कुठे परत वर गेला, सगळं वहीत लिहा. मदत मागितली तर उलट विचारा, तुला काय वाटतं काय होईल?

किती जणांना दाखवायचं? याकोब निल्सन नावाच्या यूजेबिलिटीवाल्या तज्ज्ञाने २००० साली लिहिलं होतं की पाच जणांवर टेस्ट केली तरी पुरे, बहुतेक अडचणी तेवढ्यात सापडतात. त्यावर नंतर वाद बरेच झाले, पण वर्गातल्या प्रोजेक्टला पाच हा आकडा एकदम जमतो. फक्त पाचही जण तुमच्याच बेंचवरचे नकोत. माझ्यातली एक टेस्टर माझी आजी होती. तिने स्लायडरला हातच लावला नाही, थेट टाकीतल्या पाण्यावर बोट ठेवून वर ओढलं. खरंतर तेच जास्त बरोबर आहे, मला तेव्हा करता आलं नाही ही गोष्ट वेगळी.

सहावी पायरी, दुसऱ्याच्या पेजवर फीडबॅक

आता दुसऱ्याच्या पेजवर बोलायची आपली पाळी. "मस्त आहे" लिहिलं तर समोरच्याला बरं वाटतं पण उद्या सकाळी लॅपटॉप उघडून तो काय बदलणार? आणि "यूआय नीट नाही" लिहिलं तर वाईटही वाटतं आणि बदलायचं काय हेही कळत नाही. दोन्हीकडून तोटाच. मी एक साधा साचा वापरते, तीन वाक्यांचा: मी काय करायला गेले, मला काय होईल असं वाटलं, आणि झालं काय. बस. आपण जज नाही, साक्षीदार आहोत, जे डोळ्यांनी बघितलं तेवढं सांगायचं.

उदाहरण माझ्याच पेजचं देते. एकाने लिहिलं, "स्लायडर चांगले नाहीत." मी दोन दिवस स्लायडरचे रंग बदलत बसले. मग दुसरीने लिहिलं, "मी अंगठ्याने टेमघरचा स्लायडर वर ओढायला गेले, पाणी चढेल असं वाटलं, पण अख्खं पेजच सरकलं, तीनदा केलं, तीनदा तेच." आता बघा, हिने कारण सांगितलं नाही, उपायही नाही, तिला कोडिंग माझ्याइतकंच कच्चं येत होतं, पण मला वाचताक्षणी कळलं की मी स्लायडर उभे केलेत आणि फोनवर उभं ओढणं म्हणजे स्क्रोल. स्लायडर आडवे केले, गोळी मोठी केली, प्रश्न मिटला. (बोटाने दाबायच्या गोष्टी निदान २४ बाय २४ पिक्सेलच्या हव्यात असं वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत आहे, आणि ४४ केलीत तर आणखी बरं. माझी गोळी १२ ची होती.)

रंगांबद्दल तर नुसतं मत देऊच नका, मोजा. क्रोममध्ये अक्षरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं आणि रंगाच्या चौकोनावर दाबलं की कॉन्ट्रास्टचा आकडा दिसतो. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवा. मी स्काय ब्लू पाण्यावर पांढरे आकडे टाकले होते, दिसायला काय सुंदर, आकडा निघाला साधारण १.७. "मला हा रंग आवडला नाही" यावर मी भांडले असते, १.७ शी काय भांडणार?

काही बारीकसारीक गोष्टी. कोणत्या फोनवर, कोणत्या ब्राउझरवर बघितलं ते लिहा, स्क्रीनशॉट जोडा. "तू असं कर" म्हणायची घाई करू नका, पेज त्याचं आहे. स्पेलिंगच्या चुका वेगळ्या कागदावर द्या, मोठ्या मुद्द्यात मिसळल्या की तो आधी ऱ्हस्व-दीर्घच सुधारत बसतो कारण ते सोपं असतं. कौतुक करायचं असेल तर तेही याच साच्यात करा, "वरसगाव भरताना पाणी बोटाबरोबर चढलं तेव्हा मी उगाच चार वेळा वरखाली केलं", असं कुणी लिहिलं की तो भाग आता काढायचा नाही हे कळतं. आणि जो वर्गात सगळ्यात मागे पडलाय, ज्याचं पेज अर्धवट आहे, त्याच्यापुढे सोळा मुद्दे वाचू नका. त्याला एकच सांगा, ज्याने पेज निदान चालू होईल असा. बाकीचे चहाच्या टपरीवर, एकट्याला.

मित्राच्या पेजवर खरं लिहिलं तर त्याचे मार्क जातील अशी भीती सगळ्यांना असते. मलाही होती. यावर उपाय एवढाच की सबमिशनच्या आठवडाभर आधी ग्रुपवर लिंक फिरवा आणि खरं काय ते तेव्हा बोलून घ्या. आदल्या रात्री दिलेला फीडबॅक बरोबर असला तरी समोरच्याला नुसती धास्ती देतो.

सातवी पायरी, आपल्यावरचा फीडबॅक घेणं

ऐकताना "हो पण" म्हणायचं नाही. सगळं लिहून घ्या, एक रात्र जाऊ द्या, सकाळी वाचा. मग दिसतं की लोक अडचण आणि उपाय एकाच पिशवीत घालून देतात. छत्रपती संभाजीनगरचा एक वर्गमित्र म्हणाला की टीएमसी आणि दलघमी (दशलक्ष घनमीटर) असं बदलायचं बटन टाक, आमच्याकडे जायकवाडीच्या बातमीत दलघमी येतं. मला बटन नको होतं, पण त्याच्या बोलण्यातली अडचण खरी होती: टीएमसी म्हणजे काय हे पेजवर कुठेच नव्हतं, पुण्याबाहेरच्याला ते एखाद्या सरकारी खात्याचं नाव वाटलं असतं. मग बटन न टाकता एकूण साठ्याखाली एक ओळ टाकली, १ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट, साधारण २८.३ दलघमी, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. म्हणजे अडचण त्याची, उपाय माझा.

दोघांनी उलटसुलट सांगितलं तर? एक म्हणतो पाणी हळू चढू दे, दुसरी म्हणते फार हळू चढतंय. अशा वेळी कुणाचंही ऐकायचं नाही, तिसऱ्याच्या हातात फोन द्यायचा आणि परत अंगठ्याकडे बघायचं.

आणि जो फीडबॅक सगळ्यात फालतू वाटतो तो फेकू नका. वर्गात एक अगदी शांत मुलगा आहे, त्याने सगळ्यात शेवटी, तेही मॅडमनी आठवण केल्यावर, हे लिहिलं: "मी खडकवासला पूर्ण भरलं आणि बाकीची तीन शून्यावर आणली. चारातली एक टाकी भरली म्हणजे पंचवीस टक्के येतील असं वाटलं. वर ६.८ टक्के आले, पेज बिघडलंय बहुतेक." मी हसले. गणित बरोबरच होतं, २९.१५ मधले १.९७ म्हणजे ६.८ टक्केच. त्याला उत्तर टाइप करायला घेतलं, की अरे खडकवासला लहान धरण आहे, आणि अर्ध्यात थांबले. खडकवासला भरलं अशी बातमी आली की आपलं वर्षाचं पाणी आलं असं आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना वाटतं, आणि माझं पेज त्यांना तेच सांगत होतं, कारण मी चारही टाक्या एकाच मापाच्या काढल्या होत्या. दिसायला बरं वाटावं म्हणून!

सबमिशनला दोन दिवस होते. रुंदी सगळ्यांची सारखी ठेवली आणि उंचीला १ टीएमसीला २० पिक्सेल असा हिशेब लावला. वरसगाव २५६ पिक्सेल, पानशेत २१३, टेमघर ७४, आणि खडकवासला ३९. आता पेजवर नजर टाकली तरी कळत होतं पाणी खरं कुठे आहे. फक्त ३९ पिक्सेलच्या टाकीत "खडकवासला" हे नाव आणि आकडा दोन्ही मावेनात. रात्री साडेअकराला चारही नावं टाक्यांच्या खाली घेतली आणि लिंक परत त्याच मुलाला पाठवली.